पितृपंधरवड्यातलं विमान

2024 च्या सप्टेंबरातली गोष्ट. सासऱ्यांचं अष्टमीचं श्राद्ध त्या मंगळवारी आटोपलं. पानं उचलून झाल्यावर नवऱ्याने जाहीर केलं की शुक्रवारपासून पुढच्या मंगळवारपर्यंत त्याला सुट्टी आहे. क्लायंटने काम पुढे ढकललं होतं आणि साठलेली रजा आत्ता घेतली नाही तर बुडणार होती. मी घरूनच काम करते, त्यामुळे माझा प्रश्न नव्हता. श्राद्धासाठी नाशिकहून आलेली नणंद म्हणाली, "वहिनी, कुठे जाणार असाल तर मीही येते." राहता राहिल्या सासूबाई. त्या आधी म्हणाल्या, "पितृपक्षात कसली सहल?" आणि पाच मिनिटांनी स्वतःच म्हणाल्या, "काशीला गेलं तर चालतं बरं का."

म्हणजे माणसं चार आणि जाण्या-येण्याचे दिवस सोडले तर हातात जेमतेम तीन दिवस. सर्वपित्री अमावास्या बुधवारी, 2 ऑक्टोबरला होती आणि लगेच दुसऱ्या दिवशी घट बसणार होते. मंगळवारी रात्री काहीही करून घरी पोचायचं, ही अट सासूबाईंनी घातली होती आणि तिच्यात घासाघीस चालणार नव्हती. बाकी कुठे जायचं, कसं जायचं, सगळं मोकळं. हे मोकळं असणं पुढे किती कामाला येणार होतं, ते तेव्हा आमच्यापैकी कुणालाच कळलं नव्हतं.

नवरा लॅपटॉप घेऊन बसला. काशी पाहिली. शुक्रवारी पुण्याहून वाराणसी, एका बाजूचं, मध्ये दिल्लीला विमान बदलून, माणशी अकरा हजारांच्या वर. गया त्याहून वाईट. अर्थात, पितृपंधरवड्यात गयेला पिंडदानासाठी अख्खा भारत लोटतो, तिथे स्वस्त तिकीट कसलं मिळतंय. मग कोची पाहिलं, साडेसात. श्रीनगरचा आकडा मी इथे लिहीतसुद्धा नाही. गोव्याचं विमान परवडत होतं, पण त्यापेक्षा रात्रीची बस बरी, असं ठरवून ते पानही बंद केलं. तासाभराने नवरा म्हणाला, "थांबू या. विमान सुटायच्या आदल्या दिवशी रिकाम्या जागा स्वस्तात काढतात."

ही समजूत आपल्याकडे घरोघरी आहे आणि ती येते मंडईतून. संध्याकाळी सातनंतर मेथीची जुडी निम्म्या भावात मिळते, कारण उद्या ती कुणी घेणार नाही. विमानातली रिकामी खुर्चीही उद्या विकता येत नाही, मग तिचाही भाव पडायला हवा, असा आपला हिशोब. पण मेथी संध्याकाळी घेणारा माणूस आणि सकाळी घेणारा माणूस यांची गरज सारखीच असते. विमानाचं तसं नाही. उद्याचं तिकीट आज काढतो कोण? ज्याच्या घरी कुणी अत्यवस्थ आहे तो, ज्याची मुलाखत आहे तो, ज्याचं तिकीट कंपनी काढते तो. मयताला निघालेला माणूस भाव करत बसत नाही, हे विमान कंपन्यांना पक्कं माहीत असतं. थोड्या जागा रिकाम्या गेल्या तरी चालतील, पण अडलेल्या गिऱ्हाइकाला स्वस्तात बसवायचं नाही, असं त्यांचं सगळं गणित. 1994 मध्ये एअर कॉर्पोरेशन्स कायदा रद्द झाला तेव्हापासून भाडं ठरवायची मुभा कंपन्यांकडेच आहे. मध्ये कोविडच्या काळात, मे 2020 ते ऑगस्ट 2022, सरकारने किमान-कमाल भाड्याचे पट्टे बांधून दिले होते. ते उठले आणि पुन्हा मोकळं रान.

हे मला बुधवारी सकाळी नीट समजलं ते सदाशिव पेठेतल्या आमच्या जुन्या ट्रॅव्हल एजंटकडून. ऑनलाइनच्या जमान्यात एजंट कशाला, असं नवऱ्याचं मत, आणि ते त्याने माझ्यासोबत दुकानाच्या पायऱ्या चढतानाही ऐकवलं. पण हे गृहस्थ माझ्या माहेरच्या ओळखीचे. एका खोलीचं ऑफिस, भिंतीवर गणपती, टेबलावर दोन स्क्रीन आणि एक कळकट कॅल्क्युलेटर. त्यांनी स्क्रीन आमच्याकडे वळवली. एकाच विमानाच्या समोर इंग्रजी अक्षरांची रांग आणि प्रत्येक अक्षरापुढे एक आकडा.

"हे बघा वहिनी, विमान एक, खुर्च्या सारख्या, पण भाव दहा-बारा. प्रत्येक अक्षर म्हणजे एक भाव, आणि पुढचा आकडा म्हणजे त्या भावात किती जागा शिल्लक. खालचा कप्पा संपला की वरचा उघडतो. लोक म्हणतात भाडं वाढवलं. वाढवत कुणी नाही, खालचा कप्पा संपलेला असतो."

नवऱ्याने विचारलं, कप्पे परत उघडतात का? उघडतात, ते म्हणाले. विक्री मंदावली तर संगणक एखादा खालचा कप्पा पुन्हा मोकळा करतो, किंवा कुणी तिकीट रद्द केलं तर ती जागा परत येते. "पण त्याची वाट बघणं म्हणजे जुगार. तुम्ही जागेचा हट्ट सोडा, म्हणजे मजा येईल." मग त्यांनी एक गोष्ट सांगितली जी मला तोवर ठाऊक नव्हती. टूर कंपन्या आणि मोठे एजंट काही मार्गांवर महिनोन्‌महिने आधी ठोक जागा उचलून ठेवतात. त्याला या धंद्यात सिरीज फेअर म्हणतात. तारीख जवळ आली आणि जागा उरल्या की त्या एजंटांच्या आपसातल्या बाजारात पडेल भावाने सुटतात. म्हणजे शेवटच्या क्षणी भाव उतरायचा मंडईचा नियम तिथे खरोखर चालतो, फक्त ती मंडई आपल्याला दिसत नाही. अशा तिकिटाला परतावा नसतो, नावात बदल होत नाही आणि पीएनआर बऱ्याचदा निघायच्या आदल्या दिवशी हातात पडतो. त्या सकाळी त्यांच्याकडे आमच्या तारखांना मिळत होत्या त्या दिल्लीच्या जागा. दिल्लीला जाऊन करायचं काय, म्हणून आम्ही नको म्हटलं, पण ते म्हणाले ते डोक्यात राहिलं: जागेचा हट्ट सोडा.

घरी आल्यावर उलटं शोधायला सुरुवात केली. स्कायस्कॅनरवर जायचं ठिकाण रिकामं ठेवून 'कुठेही' असं निवडता येतं. गूगल फ्लाइट्सवर नकाशा उघडतो आणि प्रत्येक गावावर भाडं टोचलेलं दिसतं. निघायचं पुण्याहून, तारीख शुक्रवार, पोचायचं कुठेही. नकाशा बघता बघता एक गंमत लक्षात आली. महाग गावं दोन प्रकारची होती: पितृपक्षामुळे महाग, म्हणजे गया-काशी, आणि कायमच महाग, म्हणजे श्रीनगर-लेह. बाकीचा नकाशा बऱ्यापैकी थंड. लग्नं नाहीत, मुंजी नाहीत, वास्तुशांत नाही, नवी गाडी घेऊन देवाला जाणं नाही. गणपतीला गावी गेलेले परत आलेले, दिवाळीचे अजून निघायचे. आपल्याकडचा मोठा वर्ग या पंधरा दिवसांत घराबाहेर पडत नाही. विमान कंपनीच्या संगणकाला पितृपक्ष कळत नसेल, पण रिकाम्या खुर्च्या कळतात. तिथी काढायला घेतलेल्या कालनिर्णयकडे मी तेव्हापासून भाड्याचा तक्ता म्हणूनही बघते. साखरपुड्या-लग्नांचे मुहूर्त, श्रावणातले सोमवार, सगळं त्यात छापलेलं असतं.

नकाशावर पूर्वेला एक आकडा बाकीच्यांपेक्षा बुटका होता. भुवनेश्वर. पुण्याहून थेट विमान, दोन तासांच्या आसपास. एजंटला फोन लावून विचारलं, इतकं स्वस्त का? ते हसले. "अहो, पुढच्या आठवड्यात बघा. दुर्गापूजेला पुण्यातली सगळी उडिया आणि बंगाली मुलं घरी निघतील, तेव्हा हेच विमान दुप्पट होईल. तुम्ही पूजेच्या आधी जाताय आणि पूजेच्या आधीच परत येताय. या आठवड्यात तिकडे जातो कोण?" दुर्गापूजा त्या वर्षी 9 ऑक्टोबरपासून होती. आम्ही गर्दीच्या अलीकडे बरोबर फटीत सापडलो होतो.

सासूबाईंना सांगितलं, काशी नाही, पण जगन्नाथपुरी जमेल. त्यांचा चेहरा असा उजळला की काशी हा फक्त सुरुवातीचा भाव होता की काय, असं मला वाटून गेलं. चार धामांतलं एक धाम, शिवाय समुद्र. "पुरीला पितृपक्षात गेलेलं उत्तमच," असा निर्वाळा त्यांनी कुणालाही न विचारता दिला. रेल्वेचा पर्याय नवऱ्याने पाहून घेतला. कोणार्क एक्सप्रेस मुंबईहून पुण्यामार्गे थेट भुवनेश्वरला जाते, पण रेल्वेत दीड दिवस जाताना आणि दीड दिवस येताना घालवला तर पुरीत उभं राहायला वेळ उरत नव्हता. शिवाय तत्काळचा एसीचा कोटा आदल्या दिवशी सकाळी दहाला उघडतो, त्यात चार जणांची जागा मिळेल याची खात्री कोण देणार.

आता प्रत्यक्ष तिकीट. चार प्रवासी टाकून शोधलं तर माणशी 6,940. नकाशावर तर याहून कमी दिसलं होतं. नवरा म्हणाला, वाढलं वाटतं. मला एजंटचे कप्पे आठवले. प्रवाशांचा आकडा चारवरून दोनवर आणला आणि पुन्हा शोधलं: 5,690. तीन टाकले तर परत 6,940. म्हणजे खालच्या कप्प्यात दोनच जागा उरल्या होत्या. चार जणांसाठी मागितलं की संगणक दोघांना खालच्या भावात आणि दोघांना वरच्या भावात असं वाटून देत नाही. चौघांनाही जिथे एकत्र जागा आहे तो कप्पा उघडतो आणि सगळ्यांना तोच भाव लावतो. चार जणांचं कुटुंब एकत्र तिकीट काढतं तेव्हा असे किती पैसे निमूटपणे जात असतील, कोण जाणे.

मग दोन-दोन अशी फोड केली. सासूबाई आणि मी एका पीएनआरवर, खालच्या भावात. नवरा आणि नणंद दुसऱ्यावर, वरच्या भावात. दोन माणसांमागे अडीच हजार वाचले. सासूबाईंना एकटं वेगळ्या पीएनआरवर टाकायचं नाही, एवढं पथ्य पाळलं, कारण विमान बदललं, वेळ पुढे गेली किंवा काही गडबड झाली तर कंपनी पीएनआरप्रमाणे माणसं हलवते. नणंदेने नवऱ्याला लगेच सुनावलं की आपण दोघं महागातले आहोत, तेव्हा खिडकी आपल्याकडे हवी. खिडकीचे पैसे वेगळे होते, ते कुणीच भरले नाहीत.

मध्येच नवऱ्याने गुप्त खिडकीचा प्रयोग केला. म्हणजे ब्राउझरची ती काळी खिडकी, जिच्यात आपण कोण हे म्हणे साइटला कळत नाही आणि भाव उतरतो. काळी खिडकी, माझा फोन, नणंदेचा फोन, शेजारच्या काकांचं वायफाय. सगळीकडे आकडा तोच. पाच हजार सहाशे नव्वद. नंतर माझ्या फोनवर तो वाढला तेव्हा नवरा विजयाने म्हणाला, बघ, ओळखलं तुला! ओळखलं-बिळखलं नव्हतं. तोवर आम्ही आमच्या दोन जागा काढून झालो होतो आणि खालचा कप्पा आमच्यामुळेच संपला होता.

परतीचं मात्र अडलं. मंगळवार संध्याकाळ, भुवनेश्वर ते पुणे, माणशी 7,800. आपल्याकडे देशांतर्गत प्रवासात जाण्या-येण्याचं तिकीट एकत्र काढलं तरी बहुतेक वेळा ती दोन एकेरी तिकिटांची बेरीजच असते, त्यामुळे जाताना एक कंपनी आणि येताना दुसरी असं करायला काही आडकाठी नसते. शहरही बदलता येतं. भुवनेश्वर ते मुंबई पाहिलं: 4,650, रात्री उतरणारं. मग कागदावर हिशोब मांडला. माणशी 3,150 कमी, चौघांचे 12,600. मुंबई विमानतळावरून पुण्याला गाडी, टोल धरून, चार हजारांच्या आत. निव्वळ साडेआठ हजारांच्या वर उरतात. वजा बाजूला काय? एक्सप्रेस-वेवरची रात्र, खंडाळ्याच्या घाटात पाऊस असेल तर अजून तासभर, आणि सासूबाईंचे गुडघे. सासूबाईंनाच विचारलं. त्या म्हणाल्या, "गाडीत पाय लांब करता येतात, विमानात येत नाहीत. मुंबईचं घ्या."

पैसे भरायच्या पानावर डोळे उघडे ठेवावे लागतात, कारण शोधताना दिसलेला आकडा आणि शेवटी खात्यातून जाणारा आकडा यांच्यामध्ये बरीच माणसं बसलेली असतात. जाण्याचं तिकीट कंपनीच्या साइटवरून काढलं, परतीचं एका ॲपवरून, कारण तिथे आमच्या बँकेच्या क्रेडिट कार्डावर सूट होती. ॲपवर माणशी सुविधा शुल्क शेवटच्या पायरीला उगवलं. विमा नको म्हटल्यावर एक चौकोन आला, ज्यात साधं 'नको' नव्हतंच. 'मी माझा प्रवास असुरक्षित ठेवते' अशा अर्थाचं काहीतरी दाबावं लागत होतं. हा प्रकार इतका सर्रास चालायचा की केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर 2023 मध्ये अशा फसव्या मांडणीविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वं काढली, आणि ग्राहकाला लाजवून हो म्हणायला लावण्याचं त्यांनी दिलेलं उदाहरण विमान तिकिटाच्या विम्याचंच आहे. विचारल्याशिवाय टोपलीत काही टाकणं हाही त्यात फसवा प्रकार धरलाय. तरी खालच्या कोपऱ्यात दहा रुपयांच्या देणगीचा चौकोन आधीच खूण करून बसलेला सापडला. सगळे चौकोन काढून, कार्डाची सूट लावून, सुविधा शुल्क धरून ॲपचं तिकीट कंपनीच्या साइटपेक्षा माणशी दीडशे-दोनशेने स्वस्त पडलं. तेवढ्यासाठी ॲपवर जाणं शहाणपणाचं होतं का, ते पुढे येईलच.

ज्येष्ठ नागरिकांची सवलत आम्ही तपासली आणि सोडली. ती मूळ भाड्यावर मिळते, आणि आम्ही पाहिलं तिथे ती घेतली की बाकीच्या सवलती गळत होत्या. खालच्या कप्प्यातलं साधं तिकीट तिच्यापेक्षा थोडं स्वस्तच पडत होतं. सामानाचंही बघावं लागतं. आता काही तिकिटं फक्त हातसामानाची असतात, आणि पंधरा किलोची बॅग नंतर जोडायला गेलं की वाचवलेले पैसे तिथेच जातात. सासूबाईंसाठी व्हीलचेअर तिकीट काढतानाच मागून ठेवली. कंपन्या 48 तास आधी कळवायला सांगतात. आमच्याकडे तेवढेही उरले नव्हते.

एक सोय मात्र घाईच्या तिकिटाला मिळत नाही. तिकीट काढल्यापासून 24 तासांच्या आत फुकट रद्द किंवा दुरुस्त करायची मुभा डीजीसीएच्या, म्हणजे सरकारी विमान वाहतूक नियामकाच्या, नियमात होती, पण सुटायला सात दिवसांहून कमी उरले असतील तर ती लागू नव्हती. आपण बटण दाबलं की दाबलं. म्हणून नावं आधार कार्डावरून बघून, सासूबाईंचं माहेरचं-सासरचं सगळं तपासून मग भरली. त्या बुधवारी दुपारी हे सगळं संपलं आणि संध्याकाळी पाऊस सुरू झाला.

साधासुधा पाऊस नव्हे. मुंबईत त्या रात्री विमानं उतरेनात, काही दुसरीकडे वळवली. पुण्यातही नुसती झोड. गुरुवारी पंतप्रधान पुण्यात येऊन मेट्रोच्या स्वारगेट मार्गाचं उद्घाटन करणार होते, एस. पी. कॉलेजच्या मैदानात चिखल झाला आणि दौराच रद्द झाला. नवरा खिडकीशी उभा राहून म्हणाला, "पंतप्रधानांना रद्द करता येतं. आपलं नॉन-रिफंडेबल आहे." नियम असा आहे की कंपनीने विमान रद्द केलं तर पूर्ण पैसे परत किंवा दुसरं विमान, यातलं एक तुम्ही निवडायचं, पण कारण हवामानाचं असेल तर वर नुकसानभरपाई मिळत नाही. म्हणजे पैसे बुडणार नव्हते, सुट्टी बुडली असती. आम्ही रात्रभर दर तासाला विमानाची स्थिती बघत होतो, जणू आमच्या बघण्याने ढग हटणार होते.

ढग हटले, पण नणंद गळाली. ती बुधवारीच सामान आणायला नाशिकला गेली होती, आणि गुरुवारी संध्याकाळी तिच्या मुलाला सणसणून ताप भरला. डेंग्यूचे दिवस. तिने रडवेल्या आवाजात फोन केला, "दादाला सांग, माझं काय होईल ते होऊ दे." काय होईल ते होऊ द्यायची आमची तयारी नव्हती. नवऱ्याच्या पीएनआरमधून तिचं एकटीचं नाव निवडून रद्द करता आलं. तिकीट नॉन-रिफंडेबल असलं तरी दोन गोष्टी कंपनीला ठेवून घेता येत नाहीत. रद्द करण्याचा आकार मूळ भाडं अधिक इंधन अधिभार यांच्यापेक्षा जास्त असू शकत नाही, आणि विमानतळाची शुल्कं व सरकारी कर तर परत द्यावेच लागतात, कारण प्रवासीच गेला नाही तर ते कसले? जाण्याच्या तिकिटात मूळ भाडं आकारापेक्षा जास्त होतं, त्यामुळे तिथे तीन हजारांच्या आसपास परत दिसत होते. परतीच्या स्वस्त तिकिटात मूळ भाडंच आकारापेक्षा कमी, म्हणजे ते सगळं गेलं. फक्त कराचे साडेआठशे यायला हवे होते. ॲपने दाखवलं: परतावा शून्य.

ते भांडण परत आल्यावर बघू, म्हणून ठेवलं आणि शुक्रवारी पहाटे लोहगाव विमानतळावर निघालो. रिकाम्या रस्त्यांवर पाणी साचलेलं, पण गाडी पोचली. नवं टर्मिनल जुलैपासून सुरू झालेलं, तिथे सासूबाईंना व्हीलचेअरवरून थेट आत नेलं. सुरक्षा तपासणीत त्यांच्या पर्समधून अडकित्ता निघाला. तो बाजूला काढून ठेवला. तो त्यांच्या सासूचा होता, असं त्यांनी जवानाला सांगितलं. जवान साताऱ्याकडचा निघाला, त्याने हात जोडले, पण अडकित्ता काही आत नेऊ दिला नाही. नवऱ्याला पळवलं, बाहेर गाडीचा चालक अजून होता, त्याच्या हाती अडकित्ता घरी गेला.

विमान सुटलं वेळेवर. आणि गंमत म्हणजे ते निम्मंअधिक भरलेलं होतं, रिकामं अजिबात नव्हतं. मी उगाच मागच्या ओळी मोजत बसले होते, कुणी कितीला काढलं असेल याचा अंदाज बांधत.

पुरीबद्दल थोडक्यात. मोसम नसल्याने समुद्राकाठचं हॉटेल निम्म्या दरात मिळालं. मंदिराचे चारही दरवाजे त्या जूनमध्ये भाविकांसाठी पुन्हा उघडले होते, आणि रत्नभांडार जुलैमध्ये 46 वर्षांनी उघडल्याची चर्चा प्रत्येक रिक्षावाल्याच्या तोंडी होती. मंदिराच्या आवारातल्या आनंदबाजारात केळीच्या पानावर महाप्रसाद जेवलो. सासूबाईंनी डाळमा, म्हणजे भाज्या घातलेली डाळ, दोनदा मागून घेतला आणि पंड्याशी मराठीतून दक्षिणेची घासाघीस केली, जिंकलीही. कोणार्कला भर पावसात गेलो. छत्र्या उलट्या होत होत्या, पण सूर्यमंदिराच्या चाकांपाशी आमच्याशिवाय कुणी नव्हतं, आणि तिथल्या गाइडने सांगितलं की डिसेंबरात इथे उभं राहायला जागा नसते.

परतीचं विमान मुंबईला रात्री उतरलं, थोडं उशिराच. गाडी आधीच सांगून ठेवली होती, तरी चालक चुकीच्या टर्मिनलवर जाऊन थांबला होता. एकदा सांताक्रूझ, एकदा सहार, असं फोनवर करता करता अर्धा तास गेला. मुंबईहून यायचं असेल तर टर्मिनल एक की दोन हे चालकाला लिहून पाठवावं. सासूबाई मागच्या सीटवर पाय पसरून पनवेलच्या आधीच झोपल्या. घरी पोचलो तेव्हा तारखेने अमावास्या लागलेली होती, पण स्वयंपाकाला वेळ होता, आणि अटीत तेवढंच होतं, असं त्यांनी स्वतःच कबूल केलं.

नणंद नव्हती म्हणून हिशोब बदलला होता. तिघांच्या मुंबईमार्गे येण्यात, गाडीचे पैसे वजा जाता, साडेपाच हजार वाचले. आता उरलं ॲप. जाण्याच्या तिकिटाचे पैसे कंपनीने आठवड्याच्या आत कार्डावर जमा केले. कार्डाने थेट कंपनीकडे पैसे भरले असतील तर सात दिवसांची मुदत असते. एजंट किंवा ॲप मध्ये असेल तर ती तेव्हा तीस कामकाजाच्या दिवसांपर्यंत जायची, आणि दीडशे रुपयांच्या सवलतीसाठी आम्ही तिथे गेलो होतो. ॲपच्या चॅटवरचा यंत्रमानव मला पुन्हा पुन्हा सांगत होता की तुमचं तिकीट नॉन-रिफंडेबल आहे. मग मी नियमाचं वाक्य, पीएनआर आणि भाड्याची फोड दाखवणारं पान जोडून केंद्र सरकारच्या एअरसेवा पोर्टलवर तक्रार टाकली. तक्रार क्रमांक मिळाला, त्यानंतर बरेच दिवस काही हललं नाही. दसरा झाला, मुलाचा ताप उतरून तो शाळेत जायला लागला, नणंदेचे पुरीला जाणाऱ्या मैत्रिणींचे फोटो बघून जळणं सुरू झालं. कोजागिरी उलटून गेल्यावर एके दिवशी बँकेचा मेसेज आला: आठशे बेचाळीस रुपये जमा. सुविधा शुल्क सोडून सगळे कर. मी लगेच ते नणंदेला पाठवले, आणि तिने उत्तरात विचारलं की पुढच्या वर्षी पितृपंधरवडा कधी आहे.